हयातीत दिलेलं घर

फुलबाजारात माल नेणारी माणसं क्रेटवर ओलं गोणपाट टाकतात. झुंबरमावशी पैठणी टाकायच्या. खरीखुरी, येवल्याची, काठावर मोर असलेली. पहाटे बादलीत बुचकळायची, पिळायची, शेवंतीच्या क्रेटवर पसरायची आणि वरून दोरी आवळायची. आम्ही म्हसरूळला नवीन घरात राहायला आलो त्या आठवड्यात मी दूध आणायला निघालो होतो आणि हा प्रकार पाहून फाटकातच उभा राहिलो. मोरांचा रंग उतरून ते कोंबड्यांसारखे दिसायला लागले होते.

"अहो बाई, पैठणी आहे ती!" न राहवून मी म्हणालो. ओळख ना पाळख.

"व्हय. म्हणूनच गारवा लय धरती," त्या म्हणाल्या. मग माझ्या चष्म्याकडे पाहून त्यांनी ठरवून टाकलं की मी शिक्षक असणार. "आवं गुरुजी, भावांनी दिलेली हे ती. जेवायला बोलावलं, पुरणपोळी वाढली, ही अंगावर टाकली आन एका कागदावर सही घेतली. मला वाटलं, सोसायटीच्या कर्जाचं कायतरी असंल. तो हक्कसोडीचा कागद व्हता. मपला रानातला वाटा ह्या पैठणीत गुंडाळून गेला."

"मग नेसत का नाही?"

"अंगावर घेतली की जड लागती."

मी एसटीच्या लेखा विभागातून निवृत्त झालेला माणूस. जन्मात कुणाला पाढासुद्धा शिकवला नाही. पण मावशींच्या लेखी चष्मा लावून छापील कागद वाचणारा प्रत्येक पुरुष गुरुजी, आणि एकदा त्यांनी नाव ठेवलं की ते बदलायची सोय नव्हती. हळूहळू अख्खी कॉलनी मला गुरुजी म्हणायला लागली. माझी बायकोसुद्धा, पण ती चिडवायला म्हणते.

मावशी बुटक्या, काटक, आणि चालताना जरा पुढे वाकलेल्या होत्या. आयुष्यभर झेंडू तोडल्यावर कणा तसाच राहतो, असं त्या सांगायच्या. नवरा लवकर गेला. मखमलाबादकडे कुणाचं तरी रान वाट्याने घ्यायचं, त्यात फुलं करायची आणि पंचवटीतल्या बाजारात नेऊन विकायची, यावर त्यांनी तीन मुलं वाढवली. म्हसरूळचं घरही त्यातूनच झालं. एका दसऱ्याच्या झेंडूने प्लॉट घेतला, दुसऱ्याने पाया घातला, दिवाळीच्या शेवंतीने भिंती उभ्या केल्या आणि स्लॅब पडला तो लग्नसराईतल्या गुलाबांवर. हे त्या असं सांगायच्या की जणू गवंडी म्हणून फुलंच आली होती. घराच्या कागदावर मालक म्हणून एकच नाव होतं, त्यांचं स्वतःचं. तो कागद त्यांनी मला पहिल्याच महिन्यात वाचायला लावला. नाव बरोबर आहे ना, एवढंच विचारलं आणि पुन्हा ट्रंकेत ठेवून दिला.

मोठा मुलगा हिरामण सिन्नरला कारखान्यात नोकरीला. तिथेच त्याने फ्लॅट घेतला होता. मुलगी सुनंदा नांदगावला दिलेली, तिच्या सासरी शेती आणि बाजारपेठेत दुकान. धाकटा रामनाथ आईजवळ राहायचा आणि फुलांचा धंदा बघायचा. तो एका पावसाळ्यात हॉटेलांना गुलाब पोचवून येताना हमरस्त्यावर ट्रकखाली गेला. त्याची बायको लता तेव्हा पंचविशीच्या आसपास असेल. मूलबाळ नव्हतं. तिचं माहेर इगतपुरीकडचं. वडील भात लावायचे आणि रेल्वेत गँगमन होते. ते तिला न्यायला आले, तेव्हा मी ओट्यावर बसलेलो होतो. लता खाली मान घालून म्हणाली, "आईंना एकटीला नाही टाकून येत." वडील चहा पिऊन परत गेले.

लता म्हणजे अबोल बाई. काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "आईंना विचारून सांगते." वर्गणी मागा, हळदीकुंकवाला बोलवा, पाणी कधी आलं विचारा. एकदा माझ्या बायकोने विचारलं, "तुला चहा आवडतो की कॉफी?" त्यावरही ती म्हणाली, "आईंना..." आणि दोघी हसत सुटल्या. पण हार गुंफायला बसली की तिची बोटं दिसायची नाहीत. मावशी तिच्याकडे बघत म्हणायच्या, "हिची जीभ बोटात हे."

मावशींचं एक वाक्य मी दिवसातून दोनदा तरी ऐकलं असेल. "आजचा माल आज गेला पाहिजे." बाजारात भाव पडला तरी त्या फूल परत आणत नसत. उरलेलं वाटून टाकत. देवळात, शाळेत, रिक्षावाल्यांच्या आरशांवर. "फूल ताजं हे तवर फूल," त्या म्हणायच्या. "दुपारी त्याचा कचरा व्हतो आन तो उचलायला आपल्यालाच वाकावं लागतं." माणसांशीही त्यांचं वागणं असंच. कुणावर रागावल्या की तिथल्या तिथे, कुणाचं कौतुक करायचं तर तेही तिथल्या तिथे, चारचौघांत, समोरच्याला लाजवून. साठवून ठेवणं ही गोष्ट त्यांच्या स्वभावात बसत नव्हती.

याचा प्रसाद मलाही मिळाला. एकदा त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, तुमचं घर कुणाच्या नावावर हे?"

"माझ्या."

"आन तुमच्यानंतर?"

"बघतील की मुलं."

"म्हंजे भांडतील," मावशी म्हणाल्या आणि हार गुंफायला लागल्या. माझी बायको स्वयंपाकघरातून मुद्दाम मोठ्याने हसली.

मग मावशींना धाप लागायला लागली. क्रेट उचलताना थांबावं लागायचं, जिना तर बंदच झाला. तपासण्या झाल्या आणि हृदयाची झडप बदलावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्यातून आल्या त्या थेट आमच्याकडे. पंखा मोठा करायला लावला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, वकील बघा. चांगला. लय बोलणारा नको."

"ऑपरेशनला वकील कशाला?"

"मला भूल देणार हेत. आन मी उठलेच नाय तर? लताला उद्या घराबाहेर काढलं तर ती कुडं जाईल? माहेरी भावजया हेत. त्या तिला पहिल्या दिवशी गोडधोड करून घालतील आन दुसऱ्या दिवशी भांड्याला लावतील. मी बघितलंय ते."

शालिमारजवळ एक वकीलबाई होत्या, माझ्या माहितीतल्या, शांतपणे समजावून सांगणाऱ्या. त्यांनी कागद पाहिले, कुटुंबात कोण कोण आहे ते विचारलं आणि पेन खाली ठेवलं.

"मावशी, घर तुमच्या कष्टाचं, तुमच्या नावावर. तुम्ही काही न लिहिता गेलात तर कायद्याने ते हिरामण आणि सुनंदा यांना जाईल. रामनाथला मूल असतं तर त्याचा वाटा त्या मुलाला मिळाला असता. पण सासूच्या घराला विधवा सून वारस म्हणून लागत नाही."

"कायच नाय?"

"काहीच नाही."

मावशींनी लताकडे पाहिलं. ती दाराजवळच्या खुर्चीवर, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. एवढी वर्षं एका ताटात जेवलेल्या बाईचं त्या घराच्या कागदावर नावही नव्हतं.

वकीलबाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक मृत्युपत्राची. ते करायला सोपं, पण मागाहून कुणी हरकत घेतली, सही खोटी म्हटलं, आईला फसवलं म्हटलं, तर लताला कोर्टात ते सिद्ध करत बसावं लागणार, आणि त्यात वर्षं जातात.

"म्हंजे मी मेल्यावर तो कागद बोलणार," मावशी म्हणाल्या. "आन त्याला कुणी खोटं म्हणलं तर मी काय सरणावरून उठून सांगू, का व्हय बाबांनो, मपलीच सही हे?"

दुसरी वाट बक्षीसपत्राची. आत्ता, हयातीत, नोंदणी करून घर लताला द्यायचं. तिनेही सही करून ते स्वीकारायचं. मग मावशींच्या माघारी कुठल्याही कोर्टात काही सिद्ध करायचं उरत नाही. मुलाच्या विधवेला राहतं घर द्यायचं तर सरकार मुद्रांकही नावापुरताच घेतं. "पण एक लक्षात घ्या," वकीलबाई म्हणाल्या, "एकदा दिलं की दिलं. उद्या मन बदललं म्हणून सहज परत घेता येत नाही."

"देऊन परत घ्यायला ते काय उसनं पीठ हे? लिहा."

कॉलनीत बातमी पसरली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. प्रत्येकाला कुठल्या तरी म्हाताऱ्याची गोष्ट ठाऊक होती, ज्याने घर मुलांच्या नावावर केलं आणि पुढच्या महिन्यात वृद्धाश्रमात गेला. खोटं कशाला बोलू, मीही त्यांना म्हणालो, "मावशी, हात कापून देताय तुम्ही. निदान मरेपर्यंत इथे राहायचा हक्क तरी लिहून ठेवा." त्या माझ्यावर अशा भडकल्या की मला ओट्यावरून उठावं लागलं. "पोरीला घर द्यायचं आन खाली लिहायचं का हिचा भरवसा नाय? लाज वाटंल मला ती ओळ वाचताना!"

मसुदा तयार झाला, वकीलबाईंनी वाचून दाखवला, आणि पहिल्यांदाच लता बोलली.

"मॅडम, आईंचा राहायचा हक्क त्यात लिहा. हयात असेपर्यंत. त्यांना कुणी उठ म्हणता कामा नये. मीसुद्धा."

"काय गरज नाय," मावशी म्हणाल्या.

"मग मी सही करत नाही."

मावशींनी चहाचा कप खाली ठेवला. मग मलाच दटावल्यासारख्या म्हणाल्या, "ऐका गुरुजी. आईंना विचारून सांगते म्हणणारी ही बाई." त्या दोघींनी तिथे, वकीलबाईंच्या समोर, अर्धा कप चहा थंड होईपर्यंत वाद घातला. एक म्हणते तुझ्यावर विश्वास आहे म्हणून लिहायचं नाही, दुसरी म्हणते मला तुमची काळजी आहे म्हणून लिहायचं. शेवटी ते कलम दस्तात घातलंच गेलं. मावशी हरल्या, आणि हरल्यावर इतक्या खूष झालेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आता तारीख. ऑपरेशन भाद्रपदाच्या उत्तरार्धात ठरलं होतं, कारण पितृपंधरवड्यात लोक ऑपरेशनसुद्धा पुढे ढकलतात आणि डॉक्टरांकडे जागा रिकामी असते. घराची नोंदणी त्याच्या आदल्या दिवशी. हे ऐकून कॉलनीतल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. पितृपक्षात कुणी सुई विकत घेत नाही, आणि ही बाई घर लिहून देते! आमच्या हिनेही दबक्या आवाजात विचारलं, "दहा दिवस थांबता येणार नाही का? घटस्थापनेनंतर करा."

"घटस्थापनेनंतर मला येळ हे का? झेंडू कोण तोडील?" मावशी म्हणाल्या. "आता बाजार मंदा हे. पांढरी फुलं, माका, तुळस, एवढंच जातं. कचेरीत गर्दी नाय. आन पितर खाली आलेच हेत तर बघू देत की. मपला नवरा येईल, रामनाथ येईल. त्यांच्या समोर लिहून देते. त्यांच्यापरीस चांगले साक्षीदार मला कुडं मिळणार?"



नोंदणीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी हिरामणला आणि सुनंदाला स्वतः फोन केले. मी म्हटलं, झाल्यावर सांगा. त्या म्हणाल्या, "लपून केलं तर ती चोरी. मी देतेय, चोरत नाय." त्यामुळे सकाळी आम्ही दुय्यम निबंधक कार्यालयात पोचलो, तेव्हा दोघं भाऊबहीण आमच्या आधी येऊन बाहेरच्या बाकावर बसले होते. हिरामणच्या डोळ्यांवरून वाटत होतं की तो झोपला नव्हता. सुनंदा पहाटेच्या गाडीने नांदगावहून आली होती. हातातली पिशवी तिने छातीशी धरली होती, जणू तीच कुणी काढून घेणार आहे.

हिरामण वाईट माणूस नाही, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. तो दर महिन्याला येऊन आईची औषधं भरून जायचा. त्याच्या मनात इतकंच होतं की आज ना उद्या आई सिन्नरला त्याच्याकडे येईल, हे घर विकू, आणि सगळ्यांना थोडं थोडं मिळेल. ते त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

"आई, मला विचारलं पण नाहीस," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण फाटलेला होता.

"सांगितलं की काल."

"सांगणं वेगळं. आणि समजा, लताने उद्या दुसरं लग्न केलं. मग? घर कुणाचं होईल? परक्याचं."

लताने मान खाली घातली. मला वाटलं, आता मावशी उखडणार. पण त्या शांत होत्या. "करू दे की लग्न. पोरगी तरुण हे. तिच्या घरातून लावू आपण तिचं लग्न. मांडव तू घाल."

मावशी सुनंदाकडे वळल्या. "आता तू. तुला घर हे. हिरामणला घर हे. मी उद्या उठले नाय तर ही कुणाच्या दारात उभी राहील, एवढं मला सांग. नाव सांग त्या घराचं. सांगितलंस तर मी हितूनच माघारी जाते."

सुनंदाने छातीशी धरलेली पिशवी बाकावर ठेवली.

आमचा नंबर आला. साक्षीदार म्हणून मी आणि वकीलबाईंचे कारकून, आम्ही दोघांनी दस्तावर सह्या केल्या. आता यंत्रावर अंगठा ठेवायचा, आधारची ओळख पटली की फोटो, आणि काम संपलं. लताचा अंगठा लगेच लागला. मावशींनी ठेवला. यंत्राने नकार दिला. पुन्हा ठेवला, पुन्हा नकार. दुसरा अंगठा, मग बोटं. ऑपरेटर भला माणूस होता. त्याने ओल्या कपड्याने मावशींची बोटं पुसली, जरासं तेल लावलं, दाबून धरली. काही उपयोग नाही. जन्मभर देठ तोडून, दोरा ओढून, फुलांचा चीक पुसून त्या बोटांवरच्या रेघा गेल्या होत्या. सरकारच्या यंत्राला झुंबरबाई सापडेनात.

"घाबरू नका," ऑपरेटर म्हणाला. "मग जुन्या पद्धतीने करू. यांना व्यक्तिशः ओळखणारे दोघं जण द्या. दस्तातले देणारे-घेणारे चालत नाहीत."

एक मी होतो. कारकुनांनी मावशींना त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलेलं. वकीलबाई कोर्टात अडकलेल्या, म्हणून मी आमच्या कॉलनीतल्या सोनवण्यांना फोन लावला. ते रोज मावशींकडून देवाची फुलं घ्यायचे, तीही फुकट. म्हटलं, रिक्षाने या, पंधरा मिनिटांचं काम आहे. पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. "गुरुजी, पंधरवडा चालू आहे हो. घरच्या दस्तावर सही... आमच्याकडे चालत नाही. अमावास्या होऊ द्या, मी स्वतः येतो." मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. ऑपरेटर घड्याळाकडे बघत होता, आमच्या मागचे लोक चुळबुळत होते, आणि त्याच संध्याकाळी मावशींना दवाखान्यात भरती व्हायचं होतं.

मावशी काउंटरवर आपला हात तसाच उताणा ठेवून उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना गोंधळलेलं पाहिलं. "आवं, मीच हे ना," त्या ऑपरेटरला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "मीच हे झुंबरबाई."

"आजी, मला पटतंय. पण ओळखणारं कुणीतरी पाहिजे."

तेवढ्यात सुनंदा दारातून आत आली. ती काचेतून सगळं बघत होती. तिने आईचा तो उताणा पडलेला हात उचलला, बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली आणि त्यांच्यावरून अंगठा फिरवला. तिचा चेहरा मी विसरणार नाही. मग ती ऑपरेटरला म्हणाली, "मी ओळखते. माझी आई आहे. कुठे सही करू?"

हिरामण दारात उभा होता. सुनंदाने सही केली, अंगठा दिला, फोटो दिला. यंत्राने तिला पहिल्या झटक्यात ओळखलं. मी चष्मा पुसायचं निमित्त काढून बाहेर व्हरांड्यात गेलो. तिथे हिरामण भेटला. त्याने मला विचारलं, "काका, आईचं ऑपरेशन उद्या किती वाजता आहे?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात सगळ्यांच्या आधी आला होता.

मावशी भूल उतरून उठल्या. उठल्या त्याच मुळी बाजारभाव विचारत. त्यानंतर त्यांना चांगली काही वर्षं मिळाली. क्रेट उचलणं बंद झालं, पण हुकूम चालू राहिले. घराचा विषय निघाला की त्या बजावून सांगायच्या, "मी भाडेकरू हे आता. मालकीणबाईंना विचारा." मालकीणबाई लाजून स्वयंपाकघरात पळायच्या. भिंतीला रंग कुठला द्यायचा हे मावशी मुद्दाम लताला ठरवायला लावायच्या. पहिल्या वेळी तिने सवयीने "आईंना विचारून..." म्हटलं, तर मावशी म्हणाल्या, "आई आज घरी नाय," आणि तिच्यासमोर बसून राहिल्या. लताने पिस्ता रंग निवडला. फार काही शोभला नाही, पण मावशींनी तो प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला.

त्याच सुमारास मी पुन्हा शालिमारला गेलो आणि वकीलबाईंकडून आमच्या घराचीही काय ती व्यवस्था करून घेतली. मुलांना बोलावून वाचून दाखवली. माझी बायको म्हणाली, "शेवटी गुरुजी शिकले."

मावशी गेल्या त्या मार्गशीर्षात, दुपारी, ओट्यावर उन्हात बसल्या असताना. मांडीवर अर्धा हार होता. लताने तो तिथेच बसून पूर्ण केला आणि त्यांना घातला.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. आमच्याकडे एक रीत आहे. तेरावं झालं, पानं वाढायच्या आधी भावकी बैठकीला बसते, कुणीतरी वडीलधारा घसा साफ करतो आणि गेलेल्या माणसाच्या घरादाराचा विषय काढतो. बाई आतल्या खोलीत रडत असते आणि बाहेर तिचं काय करायचं ते ठरत असतं. मी हे अनेक घरांत पाहिलं आहे. इथे मावशींचे चुलतदीर, नाना म्हणून होते. त्यांनी सुपारी कातरली, पंचा सारखा केला आणि सुरुवात केली, "बरं, झालं ते झालं. आता घराचं कसं करायचं, ते सगळे हेत तवर बोलून घेऊ."

नाना हिरामणकडे बघत होते. हिरामणने एकदा बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाना, बोलायचं काही राहिलं नाही. आईने हयातीत घर लताला दिलंय. कागद झालाय. सुनंदाची त्यावर सही आहे." मग तो उठला. त्याला तिथे बसवत नव्हतं, हे दिसत होतं. आई गेल्याचं दुःख होतं, आणि ज्या घरात तो वाढला ते आता आपलं नाही, हेही होतं. "मी निघतो," तो म्हणाला. "सिन्नरची जीप मिळायची नाही नंतर." आणि तो चपला घालायला लागला. त्याला उठलेलं पाहून आणखी चारजण उठले.

लता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिचे हात पिठाचे होते. ती कुणाकडे वळली नाही, कुणाला विचारलं नाही.

"भाऊजी, थांबा," ती म्हणाली. आवाज बैठकीच्या टोकापर्यंत गेला. "जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही. घर माझं आहे, मी सांगते."

हिरामणने तिच्याकडे पाहिलं. मग पायात घातलेली चप्पल काढली आणि येऊन पानावर बसला.